वाळल्या लाकडाला पाणी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा आली की आपल्या वऱ्हाडात दोन गोष्टी एकदमच सुरू असतात. शेतात कापसाची वेचणी चाललेली असते, तुरीला शेंगा धरत असतात, हरभरा नुकता अंग काढत असतो. आणि इकडे देवळात सप्ताह बसलेला असतो. संध्याकाळी पाळणा हलतो, सुंठवड्याचा वास सुटतो आणि थंडीत कानटोपी, शाल गुंडाळून आलेली मंडळी एकमेकांना विचारतात, "काय बावा, यंदा पारायणाले नाही बसला?"

या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत मला एकच उत्तर वारंवार ऐकू येतं. "आता आपल्याच्यानं नाही होत." कुणाचे गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही. कुणाला मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही. कुणाला वाटतं, सोवळं-ओवळं नीट पाळलं जाणार नाही, काही चुकलं तर उलट दोष लागेल. हे झालं पोथीपुरतं. पण हेच वाक्य पुढे सगळ्या घरभर पसरतं. मुलाशी दोन वर्षं बोलणं बंद आहे, पहिला फोन आपण करायचा का? "नाही होत आपल्याच्यानं." विधवा लेकीचं पुन्हा लग्न लावून द्यावं असं मनात येतं, पण "लोक काय म्हणतील, मी कुठं पुरा पडणार?" अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करायची आहे, आणि स्वतःचीच पाठ मोडलेली आहे.

देवावर आपला विश्वास नाही असं मुळीच नाही. सकाळी उठून महाराजांचं नाव घेतल्याशिवाय आपण चहाला हात लावत नाही. आपला अविश्वास असतो तो स्वतःवर. "महाराज समर्थच आहेत हो, पण मी कुठं त्यांच्या लायकीचा?" ही नम्रता आहे असं आपल्याला वाटतं. आज त्याच नम्रतेकडे जरा जवळ जाऊन पाहू.

कुरवपूरची माउली, कारंज्याची माउली

श्रीगुरुचरित्राच्या आठव्या अध्यायात कुरवपूरच्या एका आईची कथा आहे. मुलगा मंदबुद्धीचा. विद्या येईना. वडील विद्वान, पण मुलाला काही शिकवलं तरी डोक्यात राहत नसे. पुढे वडील गेले. मायलेकरं भिक्षेवर जगू लागली आणि गाव त्या पोराची टिंगल करू लागलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या पोटी हा दगड कसा आला, असं येताजाता ऐकून ऐकून त्या मुलाचं मन इतकं खचलं की तो जीव द्यायला निघाला. आई म्हणाली, तू नाहीस तर मी कशाला राहू? दोघंही कृष्णेवर गेली.

तिथे श्रीपाद श्रीवल्लभ स्नानाला आलेले होते. त्यांनी या दोघांना पाहिलं, थांबवलं आणि विचारपूस केली. आईनं सगळं दुःख त्यांच्यापुढे ओतलं, आणि पुढच्या जन्मी तरी तुमच्यासारखा पुत्र व्हावा एवढंच मागितलं. महाराजांनी तिला शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं, मुलाच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्याच मुलाच्या तोंडून विद्या प्रकट झाली.

पुढची कथा आपल्या अंगणातली आहे. हीच माउली पुढच्या जन्मी अंबा होऊन कारंज्याला आली. कारंजा म्हणजे आपलं लाडाचं कारंजं. मूर्तिजापूरवरून जुन्या माणसांनी 'शकुंतले'त बसून ज्या गावची वारी केली, तेच. १९९८ मध्ये वाशिम जिल्हा वेगळा होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होतं. टेंबेस्वामी म्हणजे प. प. वासुदेवानंद सरस्वतींनी ही श्रीगुरूंची जन्मभूमी लोकांच्या ध्यानात आणून दिली, आणि १९३४ मध्ये तिथे ब्रह्मानंद सरस्वतींच्या हातून निर्गुण पादुकांची स्थापना झाली. आपल्यापैकी अनेकांनी त्या पादुकांवर डोकं ठेवलेलं आहे.

इ.स. १३७८ च्या सुमारास त्या कारंज्यात माधव आणि अंबा यांच्या पोटी नरहरी जन्माला आला. मूल जन्मताच ॐकार उच्चारलं आणि मग ॐकारापलीकडे काही बोलेचना. एक वर्ष, दोन वर्षं, सात वर्षं. मागच्या जन्मी मुलगा मंद म्हणून रडलेली आई या जन्मी मुलगा मुका म्हणून रडू लागली. बघा, मागितलं होतं महाराजांसारखं पोर, आणि वाट्याला आलं हे. तिला काय वाटलं असेल! आपल्यालाही असंच वाटतं ना? एवढी सेवा केली, एवढे गुरुवार धरले, आणि शेवटी पदरात काय पडलं?

मुलानं खुणेनं सांगितलं, माझी मुंज करा, मग बोलेन. माधवानं मुंजीची तयारी सुरू केली. गावात चर्चा सुरू झाली. मुक्या पोराची मुंज? तो गायत्री कशी म्हणणार? खर्च वायाच. कुणी असंही म्हणालं की आपल्याला काय त्याचं, जेवण आणि दक्षिणा मिळाली म्हणजे झालं. हे आपल्या ओळखीचंच आहे. मांडवात जेवणारे आणि मांडवामागे हसणारे तेव्हाही तेच होते, आजही तेच आहेत.

आता माधवाच्या जागी उभे राहून पाहा. पोरगं सात वर्षांत एक शब्द बोललेलं नाही. हातात आहे ती एक खूण. उद्या भर सभेत पोरगं गप्पच राहिलं तर? माधवाला शंका आली नसेल असं मला वाटत नाही. बापाच्या मनात ती येणारच. पण शंका आली म्हणून त्यानं आमंत्रणं परत घेतली नाहीत. मांडव घातला, ब्राह्मण बोलावले, मुलाच्या गळ्यात जानवं घातलं. पुढे आई भिक्षा घालायला आली आणि पहिल्या भिक्षेला ऋग्वेद, दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद त्या बालमुखातून आला.

वेद आले ते महाराजांच्या सत्तेनं. मांडव मात्र माधवालाच घालायचा होता. तो नसता घातला, तर ते बोलणं प्रकट व्हायला जागाच नव्हती.

संगमावरचं लाकूड आणि अमरावतीचा माळ

दुसरा नरहरी चाळिसाव्या अध्यायातला. नाव तेच, दशा अगदी वेगळी. अंगभर श्वेतकुष्ठ. त्या काळी कोड काय अन् महारोग काय, लोक सगळ्यालाच कुष्ठ म्हणत आणि पाप म्हणून तोंड फिरवत. हा ब्राह्मण गाणगापूरला श्रीगुरूंच्या पायाशी आला. योगायोगानं तेव्हा कुणीतरी सरपणासाठी औदुंबराचं वाळलेलं लाकूड घेऊन चाललं होतं. श्रीगुरू त्याला म्हणाले, हे लाकूड संगमावर रोव आणि रोज त्रिकाळ पाणी घाल. पालवी फुटेल तेव्हा तू शुद्ध होशील.

तो लाकूड घेऊन भीमा-अमरजेच्या संगमावर गेला, रोवलं आणि पाणी घालू लागला. लोक हसले. म्हणाले, अरे वेड्या, तुझा रोग बरा होणार नाही हेच महाराजांनी तुला आडून सांगितलं. वाळल्या लाकडाला कधी पालवी फुटते का? त्यानं ऐकलं आणि पुन्हा घागर भरली. सात दिवस उपाशी राहून तो हेच करत होता. शिष्यांनी जाऊन श्रीगुरूंना सांगितलं. श्रीगुरू स्वतः संगमावर आले, आपल्या कमंडलूतलं पाणी त्या लाकडावर शिंपडलं आणि लाकूड हिरवं झालं. नरहरीचं अंगही शुद्ध झालं.

या कथेतली एक गोष्ट आपण पुष्कळदा वाचून पुढे जातो. सात दिवस नरहरीनं घातलेल्या पाण्यानं एकही पान फुटलं नव्हतं. सातव्या दिवशीही लाकूड पहिल्या दिवसाइतकंच कोरडं. हिशेबी माणूस म्हणाला असता, एवढ्या घागरी वाया गेल्या. पण श्रीगुरू संगमावर आले ते त्या घागरी बघूनच. पालवी ज्या पाण्यानं फुटली ते कमंडलूतलं होतं, आणि त्या कमंडलूला वाट दाखवली ती त्याच्या घागरीनं.

आता आपल्याच अमरावतीतली, कालपरवाची गोष्ट सांगतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, ज्यांना सगळे दाजीसाहेब म्हणत, अमरावतीत होमिओपॅथीचा दवाखाना चालवत. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. १९४६ मध्ये त्यांनी शहराबाहेरच्या खडकाळ माळावर कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं करायला घेतलं. नाव दिलं जगदंबा कुष्ठनिवास. तो काळ डोळ्यांपुढे आणा. घरात कुष्ठ निघालं की माणसाला घराबाहेर काढत. बायको नवऱ्याची राहत नसे, मुलगा बापाचा राहत नसे. देवळाच्या पायरीवर भिक्षा मागणं एवढाच मार्ग उरे. अशी बोटं झडलेली माणसं आणि असा माळ. शहाण्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं की हे वाळलेलं लाकूड आहे.

त्या माळावर त्याच माणसांच्या हातांनी शेती झाली. विणकाम झालं, सुतारकाम झालं. ज्यांना लोक दुरून पैसा फेकत होते, ती माणसं आपल्या कष्टाची भाकरी खाऊ लागली. १९५९ मध्ये दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. पण मला त्या पदकापेक्षा पहिल्या दिवसाचं मोल जास्त वाटतं. १९४६ च्या त्या पहिल्या दिवशी हातात काय होतं? एक घागर.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. कुष्ठ हे पाप नव्हे. त्याचा जंतू नॉर्वेतल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ मध्येच शोधून काढला. आज त्यावर सरकारी दवाखान्यात फुकट औषध मिळतं आणि सहा महिने ते वर्षभर नेमानं घेतलं की माणूस पूर्ण बरा होतो. कुणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला तर त्याला लपवू नका, दवाखान्यात न्या. नरहरीची कथा ऐकून घरी गेलो आणि शेजारच्या रुग्णापासून तोंड फिरवलं, तर आपण कथा ऐकलीच नाही.

श्रद्धा आणि जुगार

कुणी म्हणेल, महाराज, मग सत्तेचाळिसाव्या अध्यायातल्या पर्वतेश्वर शेतकऱ्याचं काय? श्रीगुरूंच्या एका शब्दावर त्यानं उभं जोंधळ्याचं पीक कापून टाकलं. आम्हीही तसंच करायचं का?

वऱ्हाडातल्या माणसानं हा प्रश्न विचारला तर तो हसण्यावारी नेऊ नये. कर्ज काढून पेरणी करणं म्हणजे काय हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ती कथा नीट वाचा. पीक कापायच्या आधी पर्वतेश्वर अधिकाऱ्याकडे गेला आणि गेल्या सालच्या दुप्पट धान्य द्यायचं कबूल करून आला. स्वतःचं देणं त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं; ते त्यानं बायकोच्या किंवा गावाच्या डोक्यावर ढकललं नाही. शिवाय आज्ञा देणारे श्रीगुरू साक्षात त्याच्या बांधावर आले होते. आज कुणी बुवा येऊन म्हणाला, दागिने आणून दे, दुप्पट करून देतो. औषध बंद कर, अंगारा लाव. तर ती श्रद्धेची परीक्षा नसते, तो तुमच्या भोळेपणावर डल्ला असतो. श्रद्धेनं माणूस आपलं कर्तव्य अधिक नेटानं करतो. जी श्रद्धा कर्तव्य सोडायला सांगते ती दत्तमहाराजांची नव्हे.

आणि कुरवपूरच्या त्या घाटाकडे परत एकदा वळा. मायलेकरं नदीत उतरायला निघाली होती. श्रीपाद श्रीवल्लभांनी आधी त्यांना थांबवलं, विचारलं, ऐकून घेतलं, व्रत त्यानंतर. आपल्या भागात किती उंबरठ्यांवर असा काळ येऊन गेला हे मी सांगायला नको. शेजारचा माणूस चार दिवस पारावर आला नाही, कुणाशी बोलेना, जेवेना, तर त्याच्या घरी जा. "काय रे बावा, काय झालं?" एवढं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. गरज पडली तर त्याला घेऊन डॉक्टरकडे जा. आणि ज्याच्या स्वतःच्या मनात असा काळोख दाटला असेल, त्यानं तो कुणा एकाजवळ तरी बोलून दाखवावा. बोलणं हा कमीपणा नव्हे. त्या माउलीनंही घाटावर आपलं दुःख बोलूनच दाखवलं होतं.

माझी स्वतःची गोष्ट

आता इथपर्यंत आलो आहे तर स्वतःचंही सांगून टाकतो. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. 'प' आणि 'क' माझ्या तोंडात दगडासारखे अडकतात. शाळेत हजेरी द्यायचीसुद्धा भीती वाटे. अशा माणसाला, चाळीस वर्षांपूर्वी, सप्ताहाच्या आदल्या रात्री आमच्या देवळातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "वाचणारे काका तापानं पडले हायेत. उद्यापासून पोथी तू वाच."

मी हात जोडले. म्हणालो, मला भांडी घासायला सांगा, पंगतीत वाढायला सांगा, पण पोथी नको. भर मंडपात माझी जीभ अडकेल, पोथीचा अपमान होईल. तिथे वाती वळत एक आजी बसल्या होत्या. त्या वर न बघताच म्हणाल्या, "कायले भेतं रे बाप्पा? महाराजाले तुही जीभ ठाऊक नाही काय? त्यानंच देल्ली ना थे. अडकला तं अडकला. आमी बसलो हावो ना."

रात्रभर झोप आली नाही. सकाळी आंघोळ करून बसलो तेव्हा पोथीची पानं हातात थरथरत होती. पहिला दिवस कसाबसा निभावला. दुसऱ्या दिवशी अकरावा अध्याय आला, तोच, मुक्या नरहरीचा. आणि तिथेच मी अडकलो. असा अडकलो की ओठ हलतात, आवाज नाही. मंडप शांत. मागं कुणीतरी खाकरलं. माझ्या कानशिलातून घाम निथळला.

तेवढ्यात समोरून आजींचा आवाज आला. त्यांनी हळूच 'दिगंबरा'चा गजर धरला. बायकांनी उचलला, मग पुरुषांनी. दोन-चार आवर्तनं झाली, गजर विरला आणि माझा शब्द मोकळा झाला. त्यानंतर उरलेले सगळे दिवस हाच नेम झाला. मी अडकलो की आजी गजर धरायच्या, तो संपला की मी पुढे वाचायचो. सहाव्या दिवशी वाळल्या लाकडाचा अध्याय वाचताना मी पोथीवरून एकदा नजर वर केली. समोर आजी डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ गजराच्या तयारीत. त्या दिवशी मला कमंडलू कळला.

माझं अडखळणं गेलं नाही. आजही प्रवचनात दोन-तीनदा तरी अडकतो, तुम्ही ऐकताच. आजी केव्हाच गेल्या. आता मंडपातलं कुणी ना कुणी गजर धरतं. मी बरा होण्याची वाट बघत बसलो असतो तर चाळीस वर्षांत एकदाही पोथी वाचली नसती.

म्हणून "मी कुठं लायक?" या वाक्याविषयी मला आता एवढंच म्हणायचं आहे. ते खरंच आहे. आपण लायक नाहीच. पण महाराजांनी नरहरीला विचारलं नाही की तुला बागकाम येतं का. काम सांगितलं आणि त्यानं घागर उचलली. लायकीचा हिशेब मांडत बसणं हे त्यांचं काम, आपण ते आपल्याकडे घेतो आणि आपलं काम तेवढं राहून जातं.

यंदाच्या जयंतीला, पाळण्याची दोरी हाती घ्याल तेव्हा, "आपल्याच्यानं नाही होत" म्हणून बाजूला ठेवलेलं एकच काम आठवा. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसून पोथी वाचा. सगळे अध्याय झेपत नसतील तर रोज एक वाचा. अक्षर दिसत नसेल तर नातवाला वाचायला सांगा आणि तुम्ही ऐका. मुलाला तो फोन करा. त्यानं उचलला नाही तर आठ दिवसांनी पुन्हा करा. लेकीच्या पाठीशी उभे राहा. मनात शंका येईलच. तिला शेजारी बसू द्या आणि आपण घागर भरायला उठा.

आणि मंडपात कुणी अडखळलं, मग ते पोथीत असो, संसारात असो, तर हसू नका. गजर धरा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.